परदेशात नोकरी, नागोठण्यात बाईक: आरसी कोणाच्या नावावर घ्यायची?

मुलगा मस्कतला, कुवेतला किंवा बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा महिना-दोन महिन्यांची सुट्टी. नागोठण्यात घरी आला की स्टँडवर जायला गाडी लागते, रोह्याला, पालीला, पेणला जायला गाडी लागते. मित्राची किती दिवस मागणार? मग तो शोरूममध्ये जातो, मनासारखी बाईक निवडतो, पैसे भरतो, सह्या करतो. पैसे त्याचे, म्हणून आरसीवर नावही त्याचंच.

सुट्टी संपते, तो विमानात बसतो. गाडी मात्र इथेच. पुढचे दहा महिने ती धाकटा भाऊ चालवतो, कधी वडील चालवतात, कधी शेजारचा "काका, पाच मिनिटांत आलो" म्हणून घेऊन जातो.

कोकणात अशी घरं काही कमी नाहीत. आणि गाडी घेताना सगळी चर्चा ॲव्हरेज, रंग आणि डिस्काउंट यांवर होते. नाव कोणाचं, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. खरं तर सगळ्यात महागात पडू शकतो तो हाच.

कायद्याला मालक कोण दिसतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम २(३०) मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. कर्जावर घेतलेल्या गाडीसाठी थोडी वेगळी तरतूद आहे, म्हणजे बँकेचा बोजा असला तरी गाडी ज्याच्या ताब्यात तो मालक. बाकी पैसे कोणी दिले, चावी कोणाच्या खिशात आहे, पेट्रोल कोण भरतं, या गोष्टींना व्याख्येत जागा नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर यावरून एक प्रकरण आलं होतं. एक गाडी विकली गेली, घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. अशी हातोहात फिरली, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच माणसाचं राहिलं. मग अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसाने खरा मालक शोधत दारोदार फिरावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

आता हेच आपल्या घरी लावून बघा. भाऊ मस्कतला, गाडी त्याच्या नावावर. इथे कोणाकडून अपघात झाला, तर दाव्यात मालक म्हणून त्याचं नाव येणार. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाईचा भार विमा कंपनीवर जातो. पण विमा संपलेला असेल किंवा चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर प्रकरण फिरून मालकापर्यंत पोहोचतं. ई-चलनही नोंदणीतल्या मालकाच्याच नावाने फाटतं. मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला असेल तर ते फाटल्याचंही कळत नाही. गाडी विकायला काढली की मग दंडांची यादी समोर येते.

"विमा आहे ना!" पण कोणासाठी?

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्यामुळे घरात सगळ्यांचा समज होतो की पाच वर्षं बघायला नको. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर यांसाठी असतो तो 'ओन डॅमेज' भाग. तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे मालक परदेशात असतानाच तो संपतो. आठवण करून देणारा मेसेज त्याच्या बंद पडलेल्या भारतीय नंबरवर येतो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.

नागोठण्यात ही बाब किरकोळ नाही. गाव अंबा नदीच्या काठावर आहे आणि पावसाळ्यात नदीचं पाणी बाजारपेठेत, स्टँडच्या परिसरात शिरणं इथल्या लोकांना नवीन नाही. जुलै १९८९ मध्ये याच अंबेच्या पुराने वरच्या अंगाला जांभूळपाड्यात हाहाकार उडवला होता. बाईक पाण्यात बुडाली तर थर्ड पार्टी विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. ओन डॅमेज चालू असेल तर मिळतो. (बुडालेली गाडी स्टार्ट मात्र करू नका. सायलेन्सरमधून, एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असतं आणि किक मारली की एंजिनच जातं. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ढकलत किंवा टेम्पोने गॅरेजला न्या.)

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा: मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १५ लाख रुपयांचं संरक्षण. पण शब्द बघा, 'मालक-चालक'. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे असा माणूस स्वतः गाडी चालवत असेल तर. मस्कतमधल्या भावाच्या नावावरची गाडी धाकटा चालवत होता आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर तो या व्याख्येत बसत नाही.

मग त्याच्या घरच्यांनी त्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागावी का? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेतलेला एक माणूस पुढच्या बैलगाडीवर आदळून गेला होता. न्यायालय म्हणालं की मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो. त्यामुळे तेव्हाच्या कलम १६३-अ खाली, म्हणजे चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना मागता येत नव्हती.

याचा साधा अर्थ असा: घरात जो माणूस रोज गाडी चालवतो, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका आहे, त्याच्याच वाट्याला विम्याचं सगळ्यात कमी संरक्षण येतं. का, तर आरसीवर नाव वर्षातले दहा महिने गाडीला हात न लावणाऱ्या माणसाचं आहे. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्या वाहनाच्या विम्यावर दावा करता येतो, तो मार्ग खुला राहतो. पण पावसात स्वतःच घसरून पडलेल्याला तो उपयोगाचा नाही. नागोठण्यावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर कामं, डायव्हर्जन आणि खड्डे यांत इतकी वर्षं गेलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नावात बदल करणं शक्य नसेल तर निदान विमा कंपनीला विचारा. मालकाशिवाय दुसऱ्या चालकासाठी जादा हप्ता भरून वैयक्तिक अपघात संरक्षण जोडून मिळू शकतं. किंवा धाकट्यासाठी त्याच्या स्वतःच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या.

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल तर

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

आपल्याला हे माहीत नव्हतं किंवा आपण ते टाळायचा पूर्ण प्रयत्न केला होता, असं मालकाने सिद्ध केलं तर सुटका आहे. परदेशातला बाप म्हणू शकतो की मी तर इथे नव्हतोच. पण ते सिद्ध करायला वकील, तारखा आणि सुट्ट्या लागतात. चावी कुलपात ठेवणं स्वस्त पडतं. मुलगा अठराचा झाला पण लायसन्स काढलं नाही, तरी सुटका नाही. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली वेगळा दंड आहे, ५ हजार रुपयांचा.

मग नाव कोणाचं?

आमचं मत सरळ आहे: जो इथे राहतो, ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे आणि जो गाडी सगळ्यात जास्त चालवणार आहे, त्याच्या नावावर घ्या. भाऊ असो, बायको असो, वडील असोत. पैसे परदेशातल्याने दिले तरी बिघडत नाही. भाऊ, बहीण, आई-वडील, नवरा-बायको या नात्यांत दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही. फक्त पैसे बँकेतून द्या म्हणजे नोंद राहते.

यावर घरात एक ठरलेला आक्षेप येतो. "पैसे मी घालायचे आणि गाडी त्याच्या नावावर?" भावना समजण्यासारखी आहे. पण बाईक ही जमीन नाही. पाच वर्षांत तिची किंमत निम्म्याच्या आसपास येते. एवढ्यासाठी अपघाताचा दावा डोक्यावर घेण्यात शहाणपणा नाही.

गाडी खरोखर तुमच्याच वापराची असेल, तुम्ही नसताना कोणी चालवणारच नसेल, तर मात्र खुशाल स्वतःच्या नावावर घ्या. पासपोर्टवर नागोठण्याचा पत्ता असेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालतो. आरसीवर वारसदाराचं, म्हणजे नॉमिनीचं नाव टाकायची सोय २०२१ पासून आहे. ती नक्की वापरा. मालकाचं निधन झालं तर नॉमिनीने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं. नॉमिनी नसेल तर वारस दाखल्यापासून सुरुवात होते.

सुट्टी कमी, कामं जास्त

नागोठणे रोहा तालुक्यात येतं, आणि गाडीच्या नोंदणीसाठी कार्यालय पेणचं. नंबर मिळतो तो एमएच-०६. (पनवेलचा एमएच-४६ वेगळा.) नवी गाडी घेताना तुम्हाला पेणला जावं लागत नाही. कागद शोरूमवालाच ऑनलाइन चढवतो आणि पूर्ण बांधणीची नवी गाडी आरटीओत नेऊन दाखवायचीही गरज नाही. पण एक अट आहे. नोंदणी होऊन नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात द्यायची नाही, असं कायदाच सांगतो. त्यामुळे सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात बुकिंग करा. त्याहून बरं म्हणजे नाव घरच्याचंच टाकायचं असेल तर तुम्ही यायच्या आधीच त्याला शोरूममध्ये पाठवा.

खर्चाचं म्हणाल तर एक्स-शोरूम किमतीवर महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर लागतो. पेट्रोल दुचाकीला तो एंजिनच्या क्षमतेप्रमाणे साधारण १० ते १२ टक्क्यांच्या घरात जातो. त्यावर विमा आणि नोंदणी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. म्हणजे जुना भाव डोक्यात ठेवून चौकशी करत असाल तर नवं कोटेशन मागा. कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' असं काही दिसलं तर ते कशाचे, हे तोंडावर विचारा.

सेकंड हँड गाडीत मात्र काळजी जास्त. आधी परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून नोंदणीचा तपशील बघा: विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, चलन बाकी आहे का. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा. "फॉर्मवर सही करून ठेवलीय, सवडीने करा" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. त्या सवडीतच वर्षं जातात.

आणि हल्ली हे सगळं आधार आणि ओटीपीवर चालतं. गल्फमध्ये गेल्यावर भारतीय सिम रिचार्ज न करता सोडून दिलं की नंबर बंद होतो, काही काळाने तो दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि तुमची निम्मी कामं अडतात. गाडी असो नसो, आधारला जोडलेला नंबर जिवंत ठेवा.

लायसन्स संपलं, लक्षातच नाही आलं

परदेशात असताना इथल्या लायसन्सची तारीख बघायची कोणाला आठवण? मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्षाहून जास्त झालं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती एकावर आली. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवली तर दंड तर आहेच, पण वर सांगितलेला १५ लाखांचा विमाही हातचा जातो. तेव्हा सुट्टीवर आल्यावर पहिली किक मारायच्या आधी पाकिटातली तारीख वाचा.

परदेशात वाढलेला पुतण्या-भाचा सुट्टीत आला आणि त्याचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर त्याला इथे चालवायला आंतरराष्ट्रीय परवाना किंवा भारतीय लायसन्स लागतं. 'तिकडे चालवतो तो' एवढं पुरत नाही.

तिकडेच बाईक घ्यायची झाली तर?

पर्यटक म्हणून जाणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच, पेणच्या आरटीओतून काढा. तो एक वर्षाचा असतो आणि मूळ लायसन्स चालू असेल तरच मिळतो. त्यावर मोटारसायकलचा 'ए' वर्ग नोंदलेला आहे ना, ते बघून घ्या. नुसत्या कारच्या परवान्यावर बाईक चालवली तर अनेक देशांत ते विनापरवानाच धरतात आणि प्रवास विमाही हात वर करतो. परवाना परदेशात असताना संपला तर भारतीय दूतावासातून नव्यासाठी अर्ज करायची सोय जानेवारी २०२१ पासून आहे.

पण हा परवाना पाहुण्यांसाठी. नोकरीसाठी राहणाऱ्यांना तो चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत रेसिडेन्सी मिळाली की तिथलं लायसन्स काढावं लागतं, आणि मोटारसायकलचं लायसन्स कारपेक्षा वेगळं. गाडी नावावर करायला एमिरेट्स आयडी लागतो. तिथली आरसी म्हणजे आपली मंडळी जिला 'मुल्किया' म्हणतात ती. ती दरवर्षी नवी करावी लागते, विम्याशिवाय होत नाही, आणि दंड बाकी असतील तर आधी ते भरा. या कडकपणाचा एक फायदा असा की आपल्यासारखी दहा वर्षं दुसऱ्याच्या नावावर फिरणारी गाडी तिथे सहसा सापडत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळीच गंमत. तिथल्या 'व्ही-५-सी' या नोंदणी पुस्तिकेवर ठळक लिहिलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. नाव असतं ते 'रजिस्टर्ड कीपर'चं, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्याचं. पैसे एकाचे, वापर दुसऱ्याचा, ही आपल्या घरातली व्यवस्था त्यांनी कागदावरच मान्य केली आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याकडे मालक एकच, नोंदणीतला.

तिकडची बाईक परत येताना घरी आणायचा विचार असेल तर सोडून द्या. वापरलेलं वाहन आयात करायचं तर ते तीन वर्षांपेक्षा जुनं चालत नाही, मुंबईच्या बंदरातूनच आणावं लागतं आणि सीमाशुल्क इतकं बसतं की त्या पैशात इथे नवी गाडी येते. घरसामानासोबत सवलतीत बाईक येत नाही.

परदेशातून गाडी विकायची तर

गाडी तुमच्या नावावर आहे, तुम्ही कुवेतला, आणि इथे गिऱ्हाईक आलं आहे. अशा वेळी घरचे सांगतात, "पैसे मिळतायत, देऊन टाकू, कागद तू आलास की करू." हे करू नका. मधल्या आठ महिन्यांत त्या गाडीचं जे काही होईल त्याचे मालक तुम्हीच.

दोन मार्ग आहेत. एक, घरच्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवायचं. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. ते पेणला चालेल का आणि विकणाऱ्याचा ओटीपी कसा घेणार, हे आधी कार्यालयात विचारून मगच मसुदा करा.

दुसरा मार्ग, आरटीओकडे नोंदणी असलेल्या जुन्या वाहनांच्या डीलरला गाडी द्या. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरसाठी नियम आले आहेत. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये आरटीओला जाते आणि तेव्हापासून कायद्याच्या लेखी मालक तो डीलर ठरतो. भाव थोडा कमी मिळेल. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, ते घरच्यांना प्रत्यक्ष बघायला सांगा आणि २९-सी ची पावती व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. ती आल्यावरच चावी द्यायची.